घेणार नाही

"हे लाल बटण काढ," उदयसिंह म्हणाले. "बाकी ॲप झकास झालंय."

प्रियदर्शनीने मोबाईल त्यांच्याकडे फिरवून टेबलावर ठेवला होता. घंटागाडीवरच्या बायकांसाठी तिने दोनच बटणं केली होती. वरच्या अर्ध्या स्क्रीनवर हिरवं : 'घेतला'. खालच्या अर्ध्यावर लाल : 'घेणार नाही'. कचऱ्यात काच असली, सुई असली, ओलं-सुकं एकत्र असलं, की लाल दाबायचं. त्या घराच्या मोबाईलवर लगेच निरोप जातो. गाड्यांचा ठेका उदयसिंहांचा, म्हणून चाचणीसाठी पहिलं घर म्हणून भवानी पेठेतलं त्यांचं हे ऑफिसच नोंदवलेलं होतं.

"लोकांना सोपं पाहिजे गं. गाडी कुठवर आली ते दिसलं, तक्रार करता आली, झालं. उंबऱ्यावर उभ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं? दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकतील. ठेवायचंच असेल तर कोपऱ्यात ठेव, बारीक. एवढं मोठं कशाला? आंधळ्यालासुद्धा दिसेल."

"बटण राहील. एवढंच राहील."

"मला काय दुसरी माणसं मिळणार नाहीत?"

"मिळतील. त्यांच्याकडून नवीन ॲप करून घ्या. हे असंच राहणार."

उदयसिंह खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी आवाज उतरवला. "हे बघ पोरी, तुझं दुःख मला कळतंय. पण तुझी आई इतकी वर्षं माझ्या गाडीवर होती. कस्तुराबाई कधी कुणाला नाही म्हणाली नाही. हसत न्यायची."

"म्हणूनच," प्रियदर्शनी म्हणाली.

पुढचं तिने गिळलं. आईला कचऱ्यातली काच लागली होती, अंगात साखर होती, जखम चिघळत गेली आणि त्यातच ती गेली. दवाखान्यात आईची बोटं पट्टीत गुंडाळलेली असताना तिने हाच मोबाईल तिच्यापुढे धरला होता. आईला बोट टेकवता येईना. तिने हाताची मागची बाजू टेकवली, तर बारकं बटण तिच्या हाताखालून निसटलं. कॉटशेजारी बसून प्रियदर्शनीने ते मोठं केलं, आणखी मोठं केलं. शेवटी ते लागलं तेव्हा आई हसली होती. "अगं बया! एवढं सोपं असतंय व्हय न्हाय म्हणणं?"

उदयसिंहांनी "जाऊ दे" म्हणून हात झटकला आणि चहाचा ग्लास खाली गेला.

ती उठायच्या आधी तेच वाकले. "बस तू." त्यांनी तुकडे गोळा केले, वर्तमानपत्रात गुंडाळले, कचऱ्याच्या डब्यातल्या पिशवीत चहाच्या चोथ्यावर ठेवले आणि पिशवीला घट्ट गाठ मारली. "बघितलंस? एवढी काळजी घेतली की झालं. आता कुणाला लागणार आहे?"

"आईला लागली ती कागदात गुंडाळलेलीच होती. ओल्यात कागद टिकत नाही, साहेब."

बोळातून घंटागाडीचं गाणं जवळ आलं. रोजच्यासारखी सिद्धम्मा जिना चढून वर आली. कस्तुराबाईच्या जागी आता तीच गाडीवर होती. चाचणीचा मोबाईल तिच्या गळ्यात लटकत होता. प्रियदर्शनीला बघून ती क्षणभर थबकली, मग डब्याकडे वळली. एक हात गाठीला, दुसरा पिशवीच्या तळाकडे.

"मावशी, खालून हात लावू नका. काच आहे."

"कागदात आहे गं ती," उदयसिंह म्हणाले. "ने तू."

सिद्धम्माने हात मागे घेतला. गाठीला धरून तिने पिशवी उचलली आणि सावकाश त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"सिद्धम्मा, उद्या कामावर यायचंय ना?"

"यायचंय की, साहेब. दोन्ही हात घिऊन यायचंय."

तिचे हात कचऱ्याने भरले होते. तिने गळ्यातला मोबाईल छातीशी धरला, कुठं दाबायचं ते बघितलं आणि हाताची मागची बाजू लालवर टेकवली.

उदयसिंहांचा मोबाईल वाजला. आपला कचरा घेतलेला नाही. वेगळा करून द्या.

"वाजलं की गं!" सिद्धम्मा प्रियदर्शनीला म्हणाली. "लई खणखणीत वाजतंय." आणि ती जिना उतरून गेली. खाली गाणं पुढच्या बोळाकडे सरकलं.

पिशवीखालून चहाचं पाणी झिरपायला लागलं. ठेक्याच्या कागदांपर्यंत त्याचा ओघळ यायच्या आत उदयसिंहांनी घाईने पिशवी उचलली. गाठ ताणली गेली, प्लॅस्टिक लोंबायला लागलं.

"मग काय करू, साहेब?" प्रियदर्शनीने विचारलं. "बटण बारीक करू?"

पिशवी सावरायला त्यांचा दुसरा हात तळाखाली गेला आणि मधेच थांबला.