वडाला पालवी

"माझं काय आता खरं न्हाई," केरबा अंथरुणातून कण्हला. "जाता जाता तेवढा तांबडा रस्सा खाऊ घाल."

वटपौर्णिमेला त्याच्या आयुष्यासाठी बायकोनं, हौसाबाईनं, ज्या वडाला दोरा गुंडाळला, तो वड आठवड्यात अळ्यांनी पार बोडका केला होता. वड गेला म्हणजे केरबाही जाणार, असं दोघांनीही धरलं. मरणाऱ्याची इच्छा मोडू नये म्हणून रोज चुलीवर रस्सा रटरटू लागला. म्हशींचं शेणघाणही ती एकटीच काढू लागली. केरबाला मरण चांगलंच मानवलं. गाल वर आले.

पंधरवड्यानं परसाकडचं निमित्त करून तो पहाटे वडापाशी गेला, तर फांदीफांदीला लालचुटुक पालवी! केरबानं बुंध्याला मिठीच मारली. मग त्याला रस्सा आठवला. हाताला लागेल तेवढी पालवी त्यानं खुडून फेकली आणि मुकाट अंथरुणात शिरला.

दुपारी ताटात नुसती भाकरी आली, शेजारी मूठभर खुडलेली पालवी.

"खालची खुडलीसा, पर शेंड्याचं काय करणार?" पदर खोचत हौसाबाई म्हणाली. "उठा! लई आयुष्य हाय तुम्हास्नी. म्हशी धुवायच्या हायत."