बारा प्लेटांवर बरोबरी

"म्हणजे दोघांचे मिळून अठराशे," वडील उद्यानाच्या तिकीटखिडकीतल्या मुलीला म्हणाले. "आणि एकट्याचा जेवणाचा पट्टा केवढ्याला?"

"एकट्याचा नाही काका, जोडीचाच मिळतो. अकरा ते चार, दर तासाला माणशी एक प्लेट."

वडिलांनी चष्मा सारखा केला आणि शेजारचा दरफलक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागे रांग खोळंबली होती. पलीकडे उंच पाळणा माणसांना उलटंपालटं करत होता आणि माणसं पैसे देऊन किंचाळत होती. शेजारी उभ्या लेकीचं तिकडे लक्षच नव्हतं. बाबा नको म्हणाले तर, एवढाच घोर तिच्या जिवाला लागला होता.

आई जाऊन तीन महिने झाले. बाबा तिच्याकडे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत त्यांची अन्नावरची वासना उडाली. ताट समोर आलं की सरकवायचे. ती शेजारी बसून विनवण्या करायची. "आधी तू घे, मग बघतो," म्हणत कसेबसे चार घास जायचे. गेल्या आठवड्यात नवरा त्या दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. आलाच आहात तर म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांचीच वजनं केली. मग नवऱ्याला एकट्याला आत थांबवून घेतलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सोमवारपर्यंत बाबांचं खाणं सुधारलं नाही, तर अ‍ॅडमिट करा म्हणतात. नळीने अन्न द्यावं लागेल."

आज शनिवार होता.

बाबांनी तीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. फोडलेला डबा संपल्याशिवाय कुणाला दुसऱ्या डब्याला हात लावू दिला नव्हता. पैसे मोजलेली वस्तू टाकणं त्यांच्या लेखी चोरीच. या उद्यानाचं माहितीपत्रक नवऱ्याने टेबलावर टाकलेलं तिला दिसलं आणि जेवणाच्या पट्ट्याचं वाचून तिला ही युक्ती सुचली. "वा, काय डोकं आहे तुझं!" नवरा म्हणाला होता.

"दीडशेची प्लेट," बाबा फलकावरून नजर न हलवता म्हणाले. "बाराच्या बारा संपल्या तर बरोबरी. एक राहिली की दीडशेचा खड्डा. याला किफायत म्हणतात होय?"

"सरबत मोफत आहे काका," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"ते कशाला देतात ठाऊक आहे. पोट पाण्यानेच भरलं की प्लेट वाचली यांची."

"बाबा, घेऊ या ना," लेक म्हणाली.

"घेऊ. पण सहा माझ्या, सहा तुझ्या. तुझी एक जरी राहिली, तरी मी हात धुऊन उठणार. तोट्यातच जायचं तर पोटाला त्रास कशाला?"

"मला कुठे जातं एवढं? चहा झालाय माझा सकाळी."

"मग चल घरी."

तिने घाईघाईने पैसे पुढे केले. खिडकीतल्या मुलीने दोघांच्या मनगटांवर कागदी पट्टे बांधले.

अकराला सूप आणि पाव. बाबांनी अर्ध्यावर चमचा ठेवला आणि तिच्या भांड्यात डोकावलं. ते भरलेलंच होतं. बाबांचे घास मोजण्यात तिचं खाणं राहूनच गेलं होतं. हल्ली राहतंच.

"गेले दीडशे," बाबा म्हणाले.

तिने भांडं तोंडाला लावून रिकामं केलं. बाबांनी पुन्हा चमचा उचलला.

बाराला सँडविच, एकला भात. चव बघायला तिला सवड नव्हती. बाबांच्या हाताकडे बघत ती नुसती गिळत होती. मध्येच नवऱ्याचा फोन आला.

"बाबा खातायत?"

"खातायत."

"आणि तू?"

"मला खावंच लागतंय रे. हिशेब आहे ना त्यांचा!"

"मग खा, सगळं खा," तो म्हणाला. मग फोन बंद झाला.

दोनला तळलेले बटाट्याचे काप आले. तिने प्लेट जरा बाजूला सरकवली. बाबांनीही लगेच सरकवली.

"राहू दे पोरी. झाला तोटा तर झाला."

त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, चारचौघांत, तिला रडू फुटलं. "आई गेली. आता तुम्हीही असं करायला लागलात तर मी कुणाकडे बघू, बाबा?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी एक काप उचलून तिच्या हातात दिला. "आधी तू."

तिने खाल्ला. मग त्यांनी. असं करत करत दोन्ही प्लेटा संपल्या, पण पाऊण तास लागला.

तीनला उकडलेली कणसं होती. तिने दाणे सोलून तोंडात टाकता टाकता एकदम मान वर केली. "गोड आहे हो!" ती म्हणाली, जणू असं काही असतं हे विसरूनच गेली होती. बाबा पलीकडे पाळण्याकडे तोंड करून बसले आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

चारला आईस्क्रीम. शेवटची जोडी.

"मी आणते. तुम्ही हलू नका," ती म्हणाली. सोमवार टळला, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. ती जवळजवळ धावतच रांगेकडे गेली.

ती दिसेनाशी झाली तसा बाबांनी खिशातून फोन काढला.

"जावईबापू, पाच प्लेटा गेल्या तिच्या पोटात, सहावी आणायला स्वतःहून पळालीय. सोमवारी तिला अ‍ॅडमिट करायचं नको म्हणून डॉक्टरांना सांगा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आणि आता मला घरी पोटभर वाढत जा हो. पोरीला जेवायला लावायचं म्हणून म्हाताऱ्याने किती दिवस उपाशी बसायचं?"