एकच खूण

टिल्डा बारा वर्षांची झाली आणि तिचे तपासणीचे अहवाल तिच्या आईच्या, कॅरिनच्या, फोनवर दिसायचे बंद झाले.

"आता मुलीची सही लागते," ड्युलुथच्या दवाखान्यातली बाई म्हणाली. "काय काय दाखवायचं, तेही तीच ठरवणार."

"अहो, हिचा पहिला दात कुठल्या वारी पडला तेसुद्धा मला पाठ आहे!"

तपासणी आटोपल्यावर टिल्डाने अर्ज हाताने झाकून भरला. दहा चौकोनांपैकी एकातच खूण केली.

कॅरिन वाकून बघू लागली. "काय लपवतेयस माझ्यापासून?"

"घरी जाऊन बघ की."

"बघतेच. आणि खोलीचं दार उघडं ठेवायचं. माझ्यापेक्षा उंच झालीस की खुशाल लाव, तोवर नाही."

"माहितेय गं आई. पहिलीपासून ऐकतेय."

घरी पोचताच कॅरिनने बर्फाचे बूटही न काढता फोन उघडला. रक्त, लसी, औषधं, सगळ्याला कुलूप. एकच ओळ उघडी होती: उंची, पाच फूट अडीच इंच.

कॅरिन पाच फूट दोन होती.

वरच्या मजल्यावर टिल्डाच्या खोलीचं दार लागलं. अगदी हळूच, पण कडीसकट.