जॅकेटवरची कोरी जागा

रात्रभर बाईक चालवून दादा धडधाकट घरी आला आणि आईचा जीव भांड्यात पडला. त्याचं लेदरचं जॅकेट माझ्या अंगावर टाकत ती म्हणाली, “धू हे ध्यान.”

“धुवायचं नसतं गं, पुसायचं असतं,” मी म्हणालो.

पुढची बाजू मेलेल्या किड्यांनी माखली होती. ते मऊ पडावेत म्हणून ओलं फडकं ठेवायला गेलो, तेव्हा दिसलं. पोटावर दोन पट्टे एकदम स्वच्छ होते. दोन्ही कुशींकडून आलेले, मध्ये एकमेकांत गुंतलेले. बोटंसुद्धा कळत होती.

“दादा, मागे कोण बसलं होतं?”

“कोण बसणार? एकटाच होतो.” मग हळूच म्हणाला, “आईला सांगू नकोस. गाडीवर डुलकी लागली होती. पडलो कसा नाही, देव जाणे.”

मी सगळं पुसून काढलं. जॅकेट चकाचक झालं. दादा समोर जांभया देत बसला होता, ते बघूनच बरं वाटलं.

मग गाडी पुसायला बाहेर गेलो. मागच्या सीटचे फूटरेस्ट दादा कायम दुमडून ठेवतो. दोन्ही उघडे होते.

उद्या त्याला परत जायचंय. मी ते उघडेच ठेवले.