दुसरा टेक नाही

शेवटच्या अल्बममधलं शेवटचं गाणं मिनिटभरात आटोपलं. हार्डकोर पंक वाजवणाऱ्या त्या तिघांचा खाक्याच तसा: घसा फाटेस्तोवर ओरडायचं, हात तुटेस्तोवर बडवायचं, पण एकदा वाजलं की वाजलं, दुसरा टेक नाही. ड्रमवर बसलेल्या ताईचा पाय मात्र थांबेना. बँड मोडायला निघालेला तिचा धाकटा भाऊ गिटार न उतरवता येरझाऱ्या घालत होता. अचानक तो बेसवाल्यावर खेकसला, "तू चुकलास!" एरवी बेसवाल्याने त्याची गचांडी धरली असती. आज मान डोलावून म्हणाला, "हो, चुकलोच." काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट गोंधळला, "कुठे? झकास झालंय!" "तू गप्प बस," तिघंही ओरडली. गाणं पुन्हा सुरू झालं. एकच ठोका उरला असताना ताईच्या हातातली स्टिक खाली पडली. "घसरली," ती म्हणाली. भावाने स्टिक उचलून दिली. "ताई, पुढच्या वेळीही घट्ट धरू नकोस."