साक्षगंधाचे घड्याळ

इंद्रजितने दिग्रसच्या किसनराव घड्याळजींकडून जुने पण उंची विदेशी घड्याळ घेतले आणि साक्षगंधासाठी आठवडाभर डबीत जपून ठेवले. ऐन साक्षगंधात डबीतून काढून मनगटावर बांधले, तर ते बंद दिसले. "जवायाचा टाइमच खराब हाये!" म्हणत मुलीकडची मंडळी खदखदून हसली.

घड्याळ मनगटावर तसेच ठेवून तो दुकानात शिरला. "बुढ्या, मेलेली घडी देल्ली मले!" त्याने म्हाताऱ्याची गचांडी धरली. "ऐकून त घे..." एवढेच किसनराव बोलू शकले. दोन्ही हातांच्या ठोशांनी त्यांचा ओठ फाटला, दात पडला.

पुन्हा उगारलेल्या हातावर इंद्रजितला सेकंदकाटा फिरताना दिसला.


"सेल नसते त्याच्यात, बापू," रक्त पुसत किसनराव म्हणाले. "हात हालला का चालते."