नवी आवृत्ती

संध्याकाळी त्याला साहेबांसमोर प्रोग्राम चालवून दाखवायचा होता आणि सकाळपासून तो पहिल्याच ओळीला आडवा पडत होता. त्या ओळीत बाहेरचं एक तयार कोडचं पॅकेज मागवलेलं होतं, कुणीतरी हौसेने बनवून जगाला फुकट दिलेलं. कुठली आवृत्ती हवी तो आकडा त्याने स्वतःच्या ओळीत लिहिलाच नव्हता, म्हणून आदल्या दिवशीची नवी, बिघडलेली आवृत्ती आपोआप उतरली होती.

"अरे, जुन्या आवृत्तीचा आकडा घाल ना ओळीत. मिनिटाचं काम," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली.

"मी का घालू? शेण त्याने खाल्लंय, निस्तरू दे त्यालाच."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने पॅकेजवाल्याला खरमरीत निरोप धाडला. "काल काय घाण करून ठेवलीत? सकाळपासून तिसरा निरोप आहे. मेलात की काय?"

थोड्या वेळाने उत्तर आलं.

"हो. बाबा आज पहाटे गेले. मी त्यांची मुलगी. लोक खोळंबतील म्हणून काल दवाखान्यातून त्यांनी सांगितलं तसं मी चढवलं, माझंच काहीतरी चुकलं. माफ करा. आत्ता आम्ही त्यांना घेऊन निघतोय. आल्यावर लगेच बघते."

त्याने ते दोनदा वाचलं. मग टाइप केलं, "वाईट झालं. साधारण किती वाजेपर्यंत याल?"

"काय म्हणतोय तो?" सहकारिणीने विचारलं.

"होतंय गं," तो हातपाय ताणत म्हणाला, "दुपारपर्यंत होतंय."